डोस मी ठरवते

"मॅडम, डोस जरा कमी करा ना. एवढं पाजल्यावर कोण जगेल?"

फोनवर सावेशेठ होते. आमच्या इकडच्या माहीमचे बागायतदार, तारापूर एमआयडीसीत त्यांचं छोटं केमिकल युनिट आहे. त्यांची एक पावडर औषधाच्या गोळीत जाणार होती. आणि आमच्या बोईसरच्या लॅबचा ड्राफ्ट रिपोर्ट सांगत होता, की ही पावडर पेशींतले क्रोमोसोम तोडते. म्हणजे पुढे कॅन्सरचा संशय. रिपोर्ट फायनल झाला, तर घेणारी कंपनी पाठ फिरवणार आणि शेठची तीन वर्षांची मेहनत पाण्यात.

"डोस मी ठरवते, शेठ. रिझल्ट आवडला नाही म्हणून डोस बदलत नाहीत," मी सुनावलं आणि फोन ठेवला. मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

सगळ्यात मोठा डोस ठरवायचा नियम तसा सोपा आहे. फ्लास्कमध्ये पेशी वाढवायच्या, त्यांना पावडर चढत्या प्रमाणात द्यायची. विरघळेनाशी झाली, की थांबायचं. पेशींची वाढ साधारण निम्म्यावर आली, तरी थांबायचं. दोन्ही झालं नाही, तर नियमातच एक कमाल मर्यादा दिलेली आहे. निम्म्याच्या फार पुढे का जायचं नाही? कारण मरणाऱ्या पेशीचे क्रोमोसोम तसेही तुटतात. नुसतं मीठ भरपूर ओतलं तरी तुटतात. तेवढ्यावरून मिठाला कोणी गुन्हेगार ठरवत नाही.

आमचा वरचा डोस बरोबर निम्म्यावर होता. तसं एक्सेल शीट सांगत होतं. शीट मीच बनवलं होतं.

त्याच दुपारी आमच्या लॅबमधल्या वनिताताई ड्राफ्ट रिपोर्ट घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. बेटेगावच्या. पेशी मोजण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नाही.

"मॅडम, वरच्या डोसच्या फ्लास्कात पेशी वाढल्याच नव्हत्या जवळजवळ. निम्म्या कशा म्हणता तुमी?"

मी आकडे दाखवले. बिनपावडरच्या फ्लास्कमध्ये शेवटी तीन लाख पेशी, पावडरच्या फ्लास्कमध्ये दीड लाख. निम्म्याच की!

"आणि सुरवातीला टाकल्या किती?"

"दोन्हीकडे एकेक लाख."

"त्या पण धरल्या काय यात?" ताईंनी कपाळाला हात लावला. "आमी भात झोडलं, की पेरलेल्या बियाण्याएवढं आधी बाजूला काढतो. ते आमच्या घरातलंच होतं, शेतानं नाय दिलं. उरेल ते पीक."

मी आकडे पुन्हा मांडले. टाकलेल्या लाख पेशी वजा केल्या, तर एकीकडे वाढ दोन लाखांची, दुसरीकडे फक्त पन्नास हजारांची. निम्मी कुठली, पाव! आमच्याकडे आधी रक्तातल्या पेशींवर टेस्ट व्हायची. तिथे वाढ वेगळ्या पद्धतीने मोजतात, त्यामुळे ही वजाबाकी लागत नसे. नव्या पेशी आल्या, शीट बदललं, वजाबाकी राहिली. वीस वर्षांचा अनुभव आणि चूक दुसरीतल्या मुलीची. मला भयंकर लाज वाटली.

वर पंचाईत अशी, की आता डोस खरंच कमी करावा लागणार होता. शेठचं म्हणणं बरोबर निघालं होतं, हेतू मात्र वेगळा होता.

क्यूए म्हणजे आमच्या कामावर नजर ठेवणारं खातं. तिथल्या देशमुख सरांकडे मी स्वतःहून गेले आणि शेठच्या फोनसकट सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"सकाळी क्लायंट डोस कमी करा म्हणतो, संध्याकाळी तुम्ही कमी करता. मी काय समजू?"

"मी विकली गेले, असंच समजा. आणि मग हे आकडे तपासा."

वनिताताईंच्या सहीचे मूळ आकडे फोनच्या पंधरा दिवस आधीचे होते. सरांनी कॅल्क्युलेटर काढला, दोनदा वजाबाकी केली आणि टेस्ट पुन्हा करायला सही दिली. अट एकच: पहिला निकाल खोडायचा नाही. मला तरी कुठे खोडायचा होता?

या वेळी डोस एकमेकांच्या जवळचे घेतले. वाढ खरोखर निम्म्यावर आली तो सगळ्यात वरचा. स्लाइडवरचे नंबर झाकून मी क्रोमोसोम तपासले, म्हणजे कुठली स्लाइड कशाची ते मलाही कळू नये. तुटलेले सापडले असते, तर त्यावरही सही केली असती. पण झाकलेले नंबर उघडले, तेव्हा पावडरच्या आणि बिनपावडरच्या स्लाइडमध्ये काही फरक नव्हता. मी खुर्चीत मागे टेकले आणि वनिताताईंना हाक मारली.

रिपोर्ट गेला, पहिला निकाल आणि माझी चूक सांगणाऱ्या पानासकट. तिसऱ्या दिवशी शेठचा फोन.

"मी बोललो होतो ना, डोस कमी करा!"

"बोलला होतात."

"रिपोर्ट एक नंबर हाय, मॅडम. फक्त ते तुमच्या चुकीचं पान काढून टाका. वाईट दिसतं."

"ते पान काढलं ना शेठ, तर उरलेला रिपोर्ट तुम्ही सांगितलात आणि मी लिहिला, असा होईल."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला.

"मग राहू द्या," शेठ म्हणाले. "उलट ते पान सगळ्यात वर लावा."