नव्वद मीटरचा चढ

बर्फ पडलेल्या सकाळी डॉक्टर आपल्या गाडीभोवती एक फेरी मारत, बॉनेटवर तळहाताने दोनदा थोपटत आणि जो कुणी जवळ उभा असेल त्याला सांगत, "ही गाडी मागच्या चाकांवर चालते, पुढच्या नाही. फरक समजून घ्या."

जवळ बहुतेक वेळा मीच असे. फरक मी पहिल्याच हिवाळ्यात समजून घेतला होता. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या आमच्या वस्तीचा चढ चढत आणि डॉक्टरांची चढत नसे.

डॉक्टर म्हणजे औषधांचे नव्हेत, पदार्थविज्ञानाचे. त्सुकुबाच्या ज्या संशोधन संस्थेत मी यंत्रांची देखभाल बघतो, तिथेच तळघरात त्यांचं एक भलंमोठं मशीन होतं. ते सतत अतिशय थंड ठेवावं लागे. माणसाला थंडीचं इतकं ज्ञान असूनही तो बर्फात उन्हाळी टायर घालून का निघतो, असं तुम्ही विचाराल. मी सहा वर्षं विचारत होतो.

गाडी लाल होती. दोनच सीट, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच, आत शिरताना आधी डोकं घालायचं की पाय हे दर वेळी नव्याने ठरवावं लागे. तिचं इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. मागचा भाग हलका, त्यामुळे बर्फावर जरा जास्त रेस दिली की चाकं जागेवर फिरत आणि गाडीचं शेपूट एका बाजूला निघून जाई. यावर उपाय म्हणून डॉक्टर डिसेंबरात डिकीत तांदळाची तीस-तीस किलोंची दोन पोती टाकत. साठ किलो. मार्चमध्ये तोच तांदूळ खात. मी एकदा म्हटलं, "डॉक्टर, पोती कमी पडतायत. मीच मागे बसू का?"

"मागे सीट नाही, चित्रगुप्त," ते म्हणाले. मी आकडे लिहून ठेवतो म्हणून हे नाव त्यांनीच मला दिलेलं.

आणखी एक. जपानात नवीन लायसन्सवाल्याने पहिलं वर्षभर गाडीवर हिरव्या-पिवळ्या पानासारखं एक चिन्ह लावायचं असतं, म्हणजे बाकीचे सांभाळून घेतात. डॉक्टरांचं वर्ष केव्हाच संपलं होतं, तरी दर हिवाळ्यात ते चिन्ह पुन्हा लावत. "बर्फात मी नवशिक्याच आहे. खोटं कशाला बोलू?" लाल स्पोर्ट्‌स कार, पांढऱ्या मिशा आणि पुढेमागे नवशिक्याचं पान. सिग्नलला शाळेच्या मुली तोंडावर हात धरून हसत. डॉक्टर त्यांना मान लववून नमस्कार करत.

त्सुकुबा तसं सपाट गाव. बर्फही हिवाळ्यात दोन-तीनदाच पडतो. पण आमची वस्ती भाताच्या शेतांपलीकडे थोड्या उंचीवर आहे आणि तिथे यायला एकच चढ आहे. नव्वद मीटरचा. मी टेपने मोजलाय. या नव्वद मीटरांत सहा हिवाळ्यांमध्ये डॉक्टर अकरा वेळा अडकले. बर्फाचे एकूण दिवस चौदा. उरलेल्या तीन दिवशी ते रजेवर होते.

अडकण्याची पद्धत ठरलेली होती. पहिले चाळीस मीटर गाडी दिमाखात येई. मग मागची चाकं किंचाळत, शेपूट डावीकडे जाई, आणि डॉक्टर काच खाली करून म्हणत, "थांबा, थांबा, मला अंदाज आलाय." तोपर्यंत कोपऱ्यावरच्या घरातल्या आजीबाई नारिंगी गमबूट घालून बाहेर आलेल्या असत. वय अठ्ठ्याहत्तर. एका हातात फावडं, दुसऱ्या हातात चाकाखाली घालायला जुनी चटई. पाठोपाठ एक निवृत्त पोस्टमन, त्यांचा जावई, मी आणि वाटेत सापडेल तो. अकरा प्रसंगांत मिळून त्रेपन्न ढकलणारे झाले. अकराही वेळा हजर राहिलेले फक्त आजीबाई आणि मी.

इथली रीत अशी, की कुणाला तसदी दिली तर दुसऱ्या दिवशी खाऊचा डबा घेऊन त्याच्या दारी जायचं, वाकायचं आणि क्षमा मागायची. लोक दुकानातली सुबक बांधलेली बिस्किटं नेतात. डॉक्टर घरी बेसनाचे लाडू करत. पहिल्या वर्षीचा लाडू पोस्टमनच्या जावयाने दारातलं पायपुसणं उडू नये म्हणून वापरला, असं मला विश्वसनीय सूत्रांकडून कळलं. तिसऱ्या वर्षापासून मात्र लाडू जमू लागले. इतके, की हवामानखात्याने बर्फाचा इशारा दिला की आजीबाई मला विचारत, "रादू-सान घरी आहेत ना?" सान म्हणजे आपलं राव, आणि जपानी जिभेला ल जमत नाही. आमच्या चढावर डॉक्टरांचं नाव रादू-सान पडलं ते कायमचं.

दर वेळी बेसन भाजायच्या आधी डॉक्टर पुण्याला वहिनींना, म्हणजे आपल्या पत्नीला, फोन लावत. एकदा मी त्यांच्या स्वयंपाकघरात होतो.

"बेसन किती वेळ भाजू?"

पलीकडून काहीतरी उत्तर.

"मंद आचेवर ना? आणि वेलची शेवटी?"

लाडू करायची ही त्यांची आठवी खेप होती. भिंतीवर त्यांच्याच अक्षरातली कृती चिकटवलेली होती, मिनिटांसकट. मी तिकडे बोट दाखवलं. त्यांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं.

वहिनी पुण्याला का, हे आता सांगायला हवं.

दोन हजार अकरा सालच्या मार्चमध्ये भूकंप झाला तेव्हा दुपारचे पावणेतीन वाजले होते. आम्ही दोघं तळघरात होतो. वीज गेली, फोन बंद, बस बंद. मशीन गरम होऊ लागलं तर कित्येक वर्षांचं काम जाणार होतं. चार वाजता मी म्हटलं, मी घरी निघतो. ते म्हणाले, "व्हा पुढे, मी आलोच." संस्था ते आमची वस्ती चार पूर्णांक दोन किलोमीटर. मी चालत पन्नास मिनिटांत पोचलो. वहिनी बारा वर्षांच्या लेकीला घेऊन दारात उभ्या होत्या, घरात काचाच काचा. मी आकड्यांच्या बाबतीत काटेकोर माणूस. पण त्या दिवशी त्यांचा चेहरा बघून मी म्हणालो, "निघालेच असतील. अर्ध्या तासात येतील."

डॉक्टर पावणेदहाला आले. भूकंपानंतर सात तासांनी.

नवव्या दिवशी वहिनी लेकीला घेऊन पुण्याला गेल्या. तेव्हा पुष्कळजण गेले, बरेचसे परतही आले. वहिनी आल्या नाहीत. विमानतळावर त्या एवढंच म्हणाल्याचं डॉक्टर सांगत: "तुम्हाला सात तास लागले." आणि डॉक्टरांनी, एवढ्या विद्वान माणसाने, या वाक्यातून निष्कर्ष काय काढावा? की आपल्याकडे वेगवान गाडी हवी. ते तेव्हा सायकलने येत-जात. चार महिन्यांत लायसन्स काढलं आणि लाल गाडी आणली. वाटेत नऊ सिग्नल. सायकलला चौदा मिनिटं लागत, गाडीला तेरा लागू लागली. मी हे त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "भूकंपात सिग्नल बंद असतात."

बर्फातच निघायचा हट्टही त्यातलाच. त्यांच्या मते संकट काही टायर बदलायला वेळ देऊन येत नाही, तेव्हा जी गाडी आहे ती कसल्याही रस्त्यावर घरी आणता आली पाहिजे.

"बर्फाचे टायर घाला हो," मी दर नोव्हेंबरात म्हणे. "इथे सगळे घालतात. अर्ध्या तासाचं काम."

"मग गाडी मी चालवतो की टायर?"

"वेळेवर घरी पोचल्याशी मतलब ना?"

यावर ते बॉनेटवर थोपटत.

सातव्या हिवाळ्यात लेक कॉलेजच्या होस्टेलवर गेली आणि वहिनींनी कळवलं, फेब्रुवारीत दहा दिवस येते, राहायला जमेल का ते बघते. डॉक्टरांनी घर तीनदा पुसलं. कपाटं भिंतीला ठोकून घेतली. आणीबाणीचं पाणी इतकं आणलं की न्हाणीघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. जे काही होतं ते सगळं या दहा दिवसांवर अवलंबून होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना, आजीबाईंनासुद्धा, ठाऊक होतं.

ज्या दिवशी वहिनी आल्या त्या सकाळी आठपासून बर्फ.

"माझी गाडी न्या," मी म्हटलं. "चारही चाकांना जोर, चारही टायर बर्फाचे. मी चालवतो, तुम्ही दोघं मागे बसा."

"चित्रगुप्त, सहा वर्षं मी कशासाठी सराव केला?"

विमानतळाची बस ज्या स्थानकावर येते तिथून वहिनींना घेऊन ते दुपारी एकला चढाच्या पायथ्याशी आले. आम्ही वर उभेच होतो. चाळीस मीटर दिमाखात. मग शेपूट डावीकडे, आणि या खेपेला मागचं डावं चाक थेट रस्त्याकडेच्या गटारात. गाडी आडवी, चढ बंद.

काच खाली झाली. "थांबा, मला अंदाज आलाय."

दुसरं दार उघडून वहिनी उतरल्या. पंजाबी ड्रेस, त्यावर कोट, पायात पातळ बूट. त्या मागे आल्या आणि आजीबाईंच्या शेजारी उभं राहून ढकलू लागल्या. गाडी हलली नाही. दम खाताना त्यांनी मला विचारलं, "हे नेहमी असेच अडकतात?"

"अकरा वेळा. ही बारावी."

वहिनींनी मनात काहीतरी जुळवलं. "अकरा वेळा लाडवांची कृती विचारलीय मला," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, विसरतात."

गाडी ओढून काढणारा ट्रक दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. म्हणजे वस्तीतल्या चौदा घरांच्या सगळ्या गाड्या, बर्फाच्या टायरांसकट, वर अडकल्या. माझीही. सकाळी मी पायीच निघालो, तर पुढे ही दोघं. डॉक्टर वाटेतल्या आपल्या गाडीवरचा बर्फ झाडत होते.

"राहू दे ती," वहिनी म्हणाल्या. "चला चालत. मी गेटपर्यंत येते."

"अगं, चार पूर्णांक दोन किलोमीटर आहे. बर्फात तास तरी लागेल."

"माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

वहिनी चालू लागल्या. आम्ही मागोमाग. डॉक्टरांनी वाटेत शेपूट का घसरतं ते समजावलं, पोत्यांचं वजन, रबराचा कडकपणा, सगळं. वहिनी हुं हुं करत होत्या.

गेटवरचे पहारेकरी आजोबा फाटकासमोरचा बर्फ ओढत होते. आम्हाला बघून त्यांनी नमस्कार केला. मग वहिनींकडे नीट बघितलं, टोपी काढली आणि पुन्हा वाकले, जरा जास्त वेळ.

"ओकुसान," म्हणजे बाईसाहेब, "किती वर्षांनी," ते जपानीत म्हणाले. "भूकंपाच्या संध्याकाळी आला होतात आपण. मुलगी बरोबर होती. मी म्हटलं, साहेब खाली मशीनपाशी आहेत, बोलावू का? आपण हातानेच नको म्हणालात. काळोखात परत गेलात. मला फार दिवस काळजी लागून राहिली होती."

वहिनींना जपानी बेताचंच येई. त्या नुसत्या हसल्या. डॉक्टरांना उत्तम येई.

"कितीला आली होतीस?" त्यांनी विचारलं.

"साडेसहाला."

"मला बोलावलं का नाहीस?"

"बोलावल्यावर येणारा माणूस नको होता मला," वहिनी म्हणाल्या. "आपणहून येणारा बघायला आले होते. हे शेजारचे आले तेव्हा कळलं, चालत येता येतं." मग जरा थांबून, "आणि त्यावर तुम्ही गाडी घेतलीत."

"हो."

"लाल."

"लाल," डॉक्टर म्हणाले.

अर्ध्या तासात येतील असं सांगणारा माणूस तिथे हातभर अंतरावर उभा होता. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. बघायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, "डॉक्टर, मशीन?"

"तुम्ही आहात ना," ते म्हणाले, आणि वळले. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. या वेळी संस्थेकडे पाठ करून चालणारे डॉक्टर मी तोवर बघितले नव्हते. दोघं बर्फातून परत निघाले, अंतर ठेवून. पहिल्या वळणापर्यंत तरी ते अंतर काही कमी झालेलं दिसलं नाही.

वहिनी इथे राहिल्या नाहीत. डॉक्टरच मार्चअखेर पुण्याला गेले, नोकरीची मुदत संपायला दोन वर्षं असताना. मशीन आता दुसऱ्याच्या ताब्यात आहे आणि उत्तम चालतं. लाल गाडी दक्षिणेकडच्या एका गृहस्थाने नेली. "आमच्याकडे बर्फ पडत नाही," तो अपराधी चेहऱ्याने म्हणाला. डॉक्टरांनी नवशिक्याची दोन्ही पानं काढून माझ्या हातात दिली, बॉनेटवर दोनदा थोपटलं आणि फरक काही समजावला नाही.

पुढच्या जानेवारीत बर्फ पडला तेव्हा मी कामावरून परत येत होतो. वर नारिंगी गमबूट दिसले. आजीबाई फावडं आणि चटई घेऊन नेहमीच्या जागी उभ्या होत्या. माझी गाडी नव्वद मीटर बारा सेकंदांत चढली, चारही चाकं मुळीच न घसरता. मी काच खाली केली.

"छान चढली," आजीबाई म्हणाल्या. आणखी थोडा वेळ त्या खाली चढाकडे बघत उभ्या राहिल्या. मग चटईवरचा बर्फ झटकून घरात गेल्या.