भोक पाडलेलं तिकीट

श्रीहरी कंडक्टर म्हटलं का गडचिरोलीपासून भामरागडपर्यंत सारे ओळखतात. थे आमचे मालक. मी कांता. तीस वर्षं यायनं एसटीत तिकिटं कापली, पन फुकट कोणाले बसू देलं नाई. माया मायलेसुदा नाई! आमची रिना बारा वर्षाची झाली, त्याच दिवशी यायनं तिले अर्धं सोडून पुरं तिकीट फाडलं. पोट्टी आलापल्लीपर्यंत रडली. मी दोन दिवस यायच्याशी बोलली नाई.

पहिले पत्र्याच्या पेटीत रंगीत तिकिटं राहे अन् हातात भोक पाडाचा पंच. कट, कट! मंग मशीन आली, मंग मोबाईलवरून पैसे. हे रिटायर झाले, पन खिशातला पंच काई सुटला नाई.

आता रिना नागपूरच्या मेट्रोत लागली. स्टेशनात, बाहेर निघाच्या गेटापाशी ड्युटी. पहिला दिवस, अन् बाप्पा, यायचा उत्साह! "पोरीच्या गेटातून जाईन म्हंजे जाईन!" वाटभर हेच.

मेट्रोत कंडक्टरच नाई. खिडकीवर कागदी तिकीट भेटलं, भाजीवाल्याच्या पाटीवर राह्यते तसा कोड छापलेलं. गेटावर दाखवलं, फाटक आपोआप उघडलं. हे लहान पोट्ट्यावानी हासले. गाडीत बसले, तिकीट कौतुकानं पायलं, पंच काढला अन् कट! मेली सवय! बरोबर कोडावरच भोक.

उतरलो. गेटापल्याड रिना, ड्रेस घालून उभी. माया ऊर भरून आला. मी पार झाली, पन यायचं तिकीट गेट वाचतेच नाई! मांगं हीऽ लाईन. बाजूले तिचे साहेब पाहून राह्यले. पहिल्याच दिवशी बापाले तसंच सोडलं त नोकरी गेलीच समजा.

रिनानं भोक पायलं. हासू दाबलं.

"नवीन तिकीट घ्या लागन, बाबा. दंडासकट."

"अवं, बाप आहे तुया!" मीच भडकली.

"मी बारा वर्षाची झाली तवा बाबा कोन होते, आई?"

हे असे खुश झाले म्हनता! साऱ्या लाईनीले सांगून राह्यले, "माई पोरगी आहे! मले दंड मारून राह्यली!"

दंड भरला. पावतीवर रिनाची सही. यायनं पावती पायली अन् पुन्हा पंच काढला.

"आता काऊन?" मी ओरडली.

"काई नाई वं," म्हणे, अन् पंच रिनाच्या हातात देला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा यायचा थो खिसा मी रिकामा पायला.