डॉक्टरांचं जड यंत्र आणि मामींचे दहा गुण

सीडी प्लेअर दुरुस्त करताना सगळे स्क्रू ओठांत धरायचे, म्हणून त्यांना सगळे स्क्रूमामा म्हणायचे. तीस वर्षांत एकही स्क्रू गिळला नाही, याचा त्यांना फार अभिमान. आणि तितकीच वर्षं एक मत ठाम: चकती फिरवणारं यंत्र स्वस्त असो की महाग, आवाज तोच येतो.

हे मत समोरच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरांना मुळीच मान्य नव्हतं. त्यांनी नुकतंच पितळी बुडाचं, दोघांनी उचलावं लागेल असं नवं यंत्र आणलं होतं.

"मामा, याच्यावर गाण्यातला श्वाससुद्धा ऐकू येतो!"

"डॉक्टर, चकतीवर बारीक खड्डे असतात. खड्डा आहे की नाही, एवढंच यंत्र सांगतं. त्यात श्वास कुठून आला?"

"खड्ड्यांबद्दल तुम्ही मला शिकवणार?" डॉक्टर म्हणाले.

झालं, पैज लागली. रविवारी सकाळी मामा आपलं दहा वर्षांचं जुनं यंत्र काखोटीला मारून डॉक्टरांच्या दिवाणखान्यात हजर झाले. सोबत मामी होत्या, डॉक्टरीणबाईंशी गप्पा मारायला. दोन्ही यंत्रं एकाच अँप्लिफायरला जोडली, पुढे चादर टांगली. एकच गाणं मामा आडून दहादा लावणार. कधी या यंत्रावर, कधी त्या. डॉक्टरांनी ओळखायचं.

डॉक्टर समोरच्या सोफ्यावर डोळे मिटून बसले. "हे नवं! काय तो श्वास!" असं म्हणत त्यांनी दहातली पाच बरोबर सांगितली.

"नाणं उडवलं असतं तरी पाच आली असती," मामा चादरीमागून बाहेर येत म्हणाले. अंगावर मूठभर मांस चढलं होतं त्यांच्या.

तेवढ्यात चादरीला खेटून बसलेल्या मामींनी कागद पुढे केला. गंमत म्हणून त्यांनीही लिहून ठेवलं होतं. दहाच्या दहा बरोबर!

मामांचा चेहरा पडला. "तुला कसं कळलं गं?"

"अहो, आपलं यंत्र किरकिरतं ना. गाणारी बाई थांबली की स्पष्ट ऐकू येतं."

"कसली किरकिर?"

डॉक्टरांनी यंत्राला कान लावला आणि मान डोलावली. डॉक्टरीणबाईंनीही. मग मामांनी लावला. आधी उजवा, मग डावा. काहीच नाही. त्यांनी बोटं टेकवून पाहिली, तर झाकण बारीक थरथरत होतं. बोटांना कळत होतं ते कानांना कळत नव्हतं. मामांनी हळूच स्क्रू काढले आणि ओठांत धरले. निदान काही बोलावं तरी लागणार नव्हतं.

मोटरखालची रबरी गादी वाळून दगड झाली होती. तिथे त्यांनी हत्यारांच्या पिशवीतल्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला. झाकणाला दोनच स्क्रू लावले, बाकीचे ओठांतच ठेवले आणि पुन्हा दहा फेऱ्या झाल्या. या वेळी मामींचे चारच बरोबर आले.

"म्हणजे गाणं तेच येत होतं," मामा उरलेले स्क्रू थुंकून म्हणाले, "यंत्र मधे बडबडत होतं."

"म्हणजे यंत्रामुळे फरक पडतो," डॉक्टर म्हणाले.

"गाण्यात नाही, खोलीत!"

"मी खोलीतच ऐकतो ना, मामा!"

मामांनी आपलं यंत्र पुन्हा काखोटीला मारलं. मनात दुसरीच गोष्ट सलत होती. घरी जाताना मामी म्हणाल्या, "वर्षभर सांगतेय, कान दाखवा. मी सांगितलं की पालथ्या घड्यावर पाणी."

"तू सांगत होतीस?"

"तेच तर!"

दुसऱ्याच दिवशी मामा कानाच्या डॉक्टरांकडे गेले. बारीक, उंच आवाज त्यांना ऐकू येईनासे झाले होते. कानात छोटं यंत्र बसलं. पहिले चार दिवस दुकानाचा पंखा, शेजारच्याची शिलाई मशीन, बायकोचा स्वर, सगळंच जरा चढं वाटलं. मग वर्षभरात दुरुस्त करून दिलेली यंत्रं आठवून त्यांनी एकेका गिऱ्हाइकाला बोलावून घेतलं आणि फुकट तपासून दिली. सहा किरकिरत होती.

आता शनिवारी मामी दुकानात खुर्ची टाकून बसतात आणि दुरुस्त झालेल्या यंत्रांना कान लावतात. त्यांनी मान डोलावल्याशिवाय एकही यंत्र दुकानाबाहेर पडत नाही.