बी म्हंजे काय?

आमच्या कॉलेजच्या ऑफिसात खिडकी क्रमांक दोनच्या मागे जे काका बसायचे, त्यांच्या एका सवयीपायी जूनमधली रांग पार सायकल स्टँडपर्यंत जायची. खिडकीशी आलेला पोरगा "बी ग्रुप" म्हणाला की काका हातातलं पेन खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर सरकवायचे आणि विचारायचे, "म्हंजे?"

"म्हणजे बी ग्रुप, काका."

"ते ऐकलं. बी म्हंजे काय?"

"बायो."

"पुरं नाव सांग."

"जीवशास्त्र!" पोरगा वैतागून ओरडायचा आणि मागे रांगेत हशा पिकायचा.

"आता कसं बोलला. आन् गनित? गनित पायजे का नगं?"

"नको."

"मोठ्यानं म्हन. तुज्या बापाला बी ऐकू जाऊ दे."

अकरावी सायन्सला आमच्याकडे दोन वाटा. ए म्हणजे गणित, बी म्हणजे जीवशास्त्र. डॉक्टर व्हायचं स्वप्न असेल तर बी, इंजिनिअर व्हायचं तर ए. सोळाव्या वर्षी या दोन अक्षरांपैकी एक उचलायचं आणि पुढचं सगळं आयुष्य त्याच्यामागून जाणार. बाकीचे क्लार्क एका अक्षरावर गोल करून मोकळे व्हायचे. काका मात्र विषयाचं पूर्ण नाव पोराच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय पेन कागदाला टेकवत नसत. पोरांनी त्यांचं नाव 'म्हंजेकाका' ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना राग नव्हता.

आईबापांशी ते फारसं बोलत नसत. वैजापूरकडचे एक कांद्याचे व्यापारी मुलाचा दंड धरून खिडकीशी आले आणि म्हणाले, "आमचा डॉक्टरच व्हनार, साहेब. लिहा बी." काकांनी वर न बघता विचारलं, "कोन व्हनार? तुमी का हे?" व्यापारी ओशाळले. "मंग तुमी जरा त्या बाकड्यावर बसा. याचं तोंड रिकामं हाय, ते बोलंल." दहा मिनिटांनी तो मुलगा गणित घेऊन बाहेर पडला आणि बाप काकांना शिव्या देत रिक्षात बसला. पुढच्या वर्षी धाकट्याला घेऊन तेच गृहस्थ त्याच खिडकीशी आले. या वेळी ते आपण होऊन बाकड्यावर जाऊन बसले.

ज्याला डॉक्टरकीसाठी बी हवं असे, त्याला काका आधी प्राणीशास्त्राच्या प्रयोगशाळेत पाठवायचे. "जा, वास घिऊन ये." तिथे फॉर्मेलिनच्या बरण्यांमध्ये बेडूक, विंचू आणि काय काय बुडवून ठेवलेलं असे. बहुतेक पोरं नाकाला रुमाल लावून परत येत आणि काका त्यांना आणखी एकदा विचारत. एक मुलगी परत आली ती प्रश्न घेऊनच. "काका, खालच्या बरणीतला साप कुठला हो?" काका इतके खूश झाले, की रांग तशीच सोडून स्वतः तिच्याबरोबर साप बघायला गेले. ती पुढे डॉक्टर झाली. काकांच्या गुडघ्यांच्या गोळ्या तीच लिहून द्यायची आणि काका त्या चिठ्ठीचं अक्षर सगळ्या ऑफिसला दाखवत फिरायचे. "बगा, वाचता येतंय का? नाय ना? पक्की डॉक्टर झाली!"

मी त्याच कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आधी चार वर्षं तासिका तत्त्वावर होतो, मग कायम झालो. चार माणसांत काका मला 'सर' म्हणायचे आणि एकटा असलो की 'तू'. मधल्या सुट्टीत ते डब्यातली ज्वारीची भाकरी मोडून निम्मी माझ्यापुढे ठेवायचे आणि मी ती खायचो. त्यांच्या मायेला मी लायक नव्हतो, हे मला त्या प्रत्येक घासाला कळत होतं. कारण त्यांची ही 'म्हंजे?'ची सवय जन्मापासूनची नव्हती. ती कधी लागली ते मला नेमकं माहीत आहे. त्या दिवशी मी रांगेत होतो.

अठरा वर्षं झाली. मी आणि सुगत एकाच गावचे, वैजापूर तालुक्यातले. त्याचे वडील, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, गावच्या सरकारी दवाखान्यात शिपाई होते. डॉक्टरच्या खुर्चीवरची धूळ ते रोज सकाळी पुसायचे आणि त्या खुर्चीत आपला सुगत बसावा एवढीच त्यांची इच्छा होती. सुगत होताही तसाच हुशार. दहावीच्या निकालानंतर गावच्या विहारात त्याचा सत्कार झाला, तेव्हा माईकवरून त्याला 'आपले भावी डॉक्टर' असंच पुकारलं होतं. मी जेमतेम हुशार. माझ्या वडिलांनी मला तात्यांच्या हवाली केलं आणि तात्या आम्हा दोघांना घेऊन या शहरात आले.

प्रवेशाच्या दिवशी वीज गेलेली होती. पंखा बंद, खिडकीशी ही झुंबड. सुगत दाखल्यांच्या झेरॉक्स काढायला बाहेर गेला होता. तात्यांनी आधी माझा फॉर्म सरकवला. "याला गनित. ए ग्रुप." काकांनी ए वर गोल केला. मग तात्यांनी सुगतचा फॉर्म पुढे केला आणि म्हणाले, "ह्याला बी ग्रुप द्या, साहेब."

आमच्या बोलीत 'बी' म्हणजे 'सुद्धा'. मला बी, तुला बी, ह्याला बी. घामाने निथळणाऱ्या काकांना वाटलं, हा माणूस म्हणतोय की ह्यालासुद्धा तोच ग्रुप द्या. त्यांनी सुगतच्या फॉर्मवरही ए वर गोल केला. तात्यांनी हात जोडले आणि आम्ही बाहेर आलो.

तिसऱ्या दिवशी प्रवेशाचे कागद मिळायचे होते. तात्या गावी परतले होते आणि सुगत उस्मानपुऱ्यात आमच्यासाठी खोली शोधत होता. म्हणून दोघांचे कागद मी घेतले आणि रजिस्टरमध्ये दोन सह्या केल्या. बाहेर पायरीवर बसून मी ते वाचले. दोन्हींवर ए.

मला लगेच कळलं. तात्या काय म्हणाले होते ते मी कानांनी ऐकलं होतं. उठून पाच पावलं मागे गेलो असतो तर दोन मिनिटांचं काम होतं. मी गेलो नाही. या एवढ्या मोठ्या शहरात, सत्तर-ऐंशी अनोळखी पोरांच्या वर्गात एकट्याने बसायची मला भयंकर भीती वाटत होती. सुगत ए मध्ये आला तर तो माझ्या बाकावर बसेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. चार दिवस बसू दे, मग सांगू, असं मी स्वतःला म्हणालो आणि दोन्ही कागद माझ्या ट्रंकेत कपड्यांखाली ठेवले. सुगतला सांगितलं, कागद अजून मिळाले नाहीत.

तो माझ्या बाकावर बसला. फिजिक्स, केमिस्ट्री, भाषा हे तास सगळ्यांचे एकत्रच होते. बायोच्या सरांची नेमणूक अजून व्हायची होती, त्यामुळे तो तास सुरूच झाला नव्हता. सुगत म्हणायचा, "तवर तुज्यासंगं गनिताला बसतो. तितं हजेरी कुटं घेत्यात अजून? तेवढंच डोकं चालंल." मला इतकं बरं वाटायचं. ते तीन आठवडे कॉलेजातले माझे सगळ्यात सुखाचे दिवस होते, हे लिहितानाही लाज वाटते.

मग बायोचे सर आले. त्यांनी हजेरी घेतली, तिच्यात सुगतचं नाव नव्हतं. तो ऑफिसात धावला. ग्रुप बदलायची मुदत चारच दिवसांपूर्वी संपली होती, बी ग्रुप भरला होता आणि याद्या बोर्डाकडे गेल्या होत्या. काका त्याच्यासाठी सगळीकडे धावले, प्राचार्यांच्या दारात दोन तास उभे राहिले. त्यांना लेखी ठपका मिळाला, सुगतला ग्रुप मिळाला नाही. तात्या आले तेव्हा काका खिडकीतून बाहेर येऊन त्यांच्यापुढे उभे राहिले. "गलती माजी हाय. माज्या कानांनी घात केला. यंदाचं वर्स जाऊ द्या. पुढच्या जूनला पैला फॉर्म याचा. मी सोता भरतो."

तात्या त्याच संध्याकाळच्या एसटीने परत गेले. दिवाळीला सुगत गावी गेला तो परत आला नाही. पाठच्या दोन बहिणी होत्या आणि एक वर्ष वाया घालवणं त्या घराला परवडणारं नव्हतं. अजिंठ्याच्या लेण्यांजवळ फर्दापूरला त्याचे मामा एका लॉजमध्ये कामाला होते, त्यांनी त्याला तिथे चिकटवून दिलं.

काकांनी मात्र शब्द पाळला. पुढच्या जूनला गठ्ठ्यातल्या पहिल्या फॉर्मवर त्यांनी पेन्सिलीने सुगतचं नाव लिहिलं, बी वर गोल केला, कंसात 'जीवशास्त्र' लिहिलं आणि तो बाजूला ठेवला. शेवटच्या तारखेला संध्याकाळी खिडकी बंद करताना नाव खोडून तो फॉर्म उशिरा आलेल्या कुणाला तरी दिला. त्याच्या पुढच्या जूनलाही तेच केलं. मी इथे नोकरीला लागलो तेव्हा सुगतचं वय चोवीस झालं होतं, तरी फॉर्म निघतच होता. प्रवेश ऑनलाइन झाले, छापील फॉर्म बंद झाले, तरी काकांनी कपाटातून एक जुना कोरा शोधून काढला. एकदा मी म्हणालो, "काका, आता तो येणार आहे का?" ते म्हणाले, "न्हाई येनार. पन आला तर?"

त्यानंतर जून आला की मी त्या खिडकीवरून जायचं टाळायचो. पण वर्गात तरी कुठे सुटका होती! पहिल्या बाकावर कुणी एकटं बसलेलं दिसलं, की शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघून माझा फळ्यावरचा हात थांबायचा.

गेल्या जूनमध्ये काका निवृत्त झाले. निरोप समारंभात प्राचार्य त्यांच्या अचूकतेबद्दल बोलले. "गेल्या अठरा वर्षांत एकही चूक नाही," असं म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी मान खाली घातली. दुपारी सगळे पांगल्यावर मी त्यांच्या खिडकीमागे जाऊन बसलो. ते ड्रॉवर रिकामा करत होते. मी सगळं सांगून टाकलं. पायरी, दोन कागद, ट्रंक, तीन आठवडे.

काका ऐकत ऐकत टाचण्या डबीत भरत राहिले. मग म्हणाले, "म्हाईत हाय मला."

"कधीपासून?"

"तवापासून. रजिष्टर बघितलं व्हतं की मी. तिसऱ्या दिशी तुज्या दोन सह्या. येवडा हुशार पोरगा कागद न वाचता ठिवंल व्हय?"

"मग कुणाला सांगितलं का नाही? ठपका तुम्ही एकट्यानं…"

"तू सोळाचा व्हता. मी चाळीसचा. लिहिनारा हात माजा व्हता." त्यांनी डबीचं झाकण लावलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "त्याला सांगितलं का?"

"कुणाला?"

"सुगतला."

मी मान हलवली. नाही.

"मंग मला सांगून काय उपेग, बाबा?"

ते रागावले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मी त्यांना कबूल केलं की जाईन, नक्की जाईन. दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरवलं होतं, तेव्हा जमलं नाही, म्हणजे मी जमवलं नाही. सुट्टी संपली त्याच आठवड्यात काका गेले. गुडघ्यांपलीकडे त्यांना काही दुखणं आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. मी खांदा दिला. चौथ्या दिवशी सकाळी फर्दापूरच्या एसटीत बसलो.

सुगत लॉजच्या काउंटरवर होता. दोन जपानी पर्यटकांशी त्यांच्याच भाषेत काहीतरी बोलून त्यांना हसवत होता. मला ओळखायला त्याला क्षणभर लागला, मग धावत येऊन त्याने मिठीच मारली. "आमचा दोस्त! कॉलिजात प्रोफेसर हाय!" असं तो वेटरपासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना सांगत सुटला. मग लॉजच्या मागच्या खोलीत, त्याच्या घरी, मला नेलं. तात्या जाऊन सहा वर्षं झाली होती. भिंतीवर त्यांचा फोटो होता, अंगात दवाखान्याचा गणवेश. सुगतची नववीतली मुलगी चहा करायला आत गेली.

"काका वारले," मी सुरुवात केली. "आपल्या प्रवेशाच्या खिडकीतले."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. त्याने बापाच्या फोटोकडे बघितलं.

"मेलेल्या मानसाला नावं ठिवू नये," तो म्हणाला. "पन त्या मानसाला मी कदी माफ नाय केलं. माजा बाप मरूस्तोवर सोताला दोष देत व्हता. म्हनायचा, माजंच बोलनं चुकलं आसंल, मला नीट सांगता नाय आलं. तू तर शेजारीच हुबा व्हता. माज्या बापानं बराबर सांगितलं व्हतं ना?"

"बरोबर सांगितलं होतं," मी म्हणालो.

"मंग? त्या क्लार्कचीच चूक व्हती ना?"

मुलगी चहा घेऊन आली. तिने कप माझ्या हातात दिला आणि उत्तर ऐकायला तीही दारात थांबली.

"हो," मी म्हणालो. "त्यांचीच."