चंद्रभानची चाल

मेघा गजभियेने आठ वर्षं शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढली होती. बेडकाचं हृदय, पानाचा छेद, ज्वालामुखी. त्यामुळे रामदासपेठेतल्या एका खोलीत सौरवने सुरू केलेल्या कंपनीत व्हिडिओ गेमच्या चित्रांचं काम मिळालं, तेव्हा तिला हुरूप आला. गेम कोळशाच्या खाणीवर होता आणि कल्पना तिचीच होती. तिचे बाबा, गोविंदा, सावनेरकडच्या खाणीत एकतीस वर्षं जमिनीखाली राबले होते.

पहिल्या आराखड्यात तिने अकरा जागा आणि सात कामगार मांडले. सौरवने तो वाचून डोकं खाजवलं.

"चित्रं काढणारी तू एकटी, हातात सहा महिने. जागा चार कर. कामगारांचं शरीर एकच ठेव, टोपीचा रंग बदल. चालही एकच."

त्याचं चुकत नव्हतं. मेघाने एकेक गोष्ट कापली. कपबशा, सायकली, हजेरीची खिडकी, सगळं गेलं. एका माणसापाशी मात्र तिचा हात अडला.

चंद्रभान मेश्राम हा बाबांचा खाणीतला जोडीदार. रुळावरचा कोळशाचा डबा पायावरून गेल्यापासून तो डावा पाय ओढत चालायचा. खाणीचं छत कोसळलं त्या दिवशी बाकीचे पळाले. त्याला पळता आलं नाही.

"चंद्रभानले सरळ चालवशील, तर तो चंद्रभान नाही होत," बाबा म्हणाले.

ती चाल बसवायची म्हणजे बारा नवी चित्रं. मेघाने ती रविवारी घरी काढायला घेतली. जमेना, तेव्हा बाबाच उठले. भिंतीला हात लावून, मध्ये खोकत, ते डावा पाय ओढत बैठकीत चालून दाखवू लागले. मेघाने मोबाइलवर ते टिपलं. तिसऱ्या फेरीला बाबा मटकन खाली बसले.

निळ्या टोपीच्या चंद्रभानवर चाल छान उतरली. सौरवही म्हणाला, "राहू दे."

मग अर्धवट गेम चाळीस अनोळखी माणसांना खेळायला दिला. त्यातल्या नऊ जणांनी एकच तक्रार लिहिली: निळ्या टोपीवाल्याचा पाय अडकतो, बिघाड आहे, दुरुस्त करा.

"तो लंगडतो, हे सांगणारा एक छोटा प्रसंग टाकूया ना," मेघा म्हणाली.

"त्याला संवाद, आवाज, अजून चित्रं. शुक्रवारी द्यायचं आहे गं मेघा."

शेवटी तिनेच ती बारा चित्रं वगळून तिथे सगळ्यांची चाल लावली. एवढं करायला मिनिटही लागलं नाही.

पुढच्या आठवड्यात चंद्रभानची बायको, प्रयागबाई, डोळे तपासायला नागपूरला आली. बाबा तिला दवाखान्यातून थेट मेघाच्या ऑफिसात घेऊन आले. जयभीम झाला, पाणी झालं. मेघाने गेम लावला. बाबांच्या लगेच ध्यानात आलं, पण ते खिडकीबाहेर पाहत राहिले.

प्रयागबाईने चष्मा पुसला. "निळ्या टोपीचे हेच ना?"

"हो, मावशी."

निळी टोपी भुयारातून झपाझप चालत गेली. प्रयागबाई पडद्याच्या अगदी जवळ सरकली.

"यायचा पाय बरा करून टाकला वं तू!" ती म्हणाली आणि पदराने तोंड झाकून हसली की रडली, ते मेघाला कळलं नाही. "अजून एकडाव चालव."

मेघाने पुन्हा चालवलं. खरं काय ते सांगावं, असं तिच्या ओठावर आलं होतं. सांगता आलं नाही.

ती दोघं गेल्यावर तिने लंगडी चाल परत घालण्याबद्दल सौरवला पुन्हा विचारलं. गेम चालला तर पुढे बघू, असं तो म्हणाला. गेम फारसा चालला नाही. मेघा आता मोबाइलवर पाठवायच्या लग्नपत्रिकांसाठी हलणारी चित्रं करते. बाबा तिला गेमबद्दल विचारत नाहीत आणि तीही विषय काढत नाही.