टेकायला आलेला डॉल्फिन

समुद्राने बाहेर टाकलेल्या वस्तूंचं मला कधी अप्रूप वाटलं नाही. राजोडीच्या किनाऱ्यावर जन्म गेला. चपला, बाटल्या, गणपतीचे हात, मेलेली कासवं, एकदा तर चांगली धड खुर्ची, सगळं बघून झालं. त्यामुळे त्या सकाळी शेजारच्या बाया "डॉल्फिन लागलाय, डॉल्फिन" म्हणून ओरडत आल्या तेव्हा मी वलांडीवर बोंबील टाकत होते ते टाकतच राहिले. वलांडी म्हणजे आमचा बोंबील वाळवायचा बांबूचा मांडव. डॉल्फिन थांबला असता. ओले बोंबील थांबत नाहीत.

हात धुऊन गेले तेव्हा गर्दी झाली होती. रविवार, त्यामुळे मुंबईची माणसं मोबाईल काढून उभी. तो गुडघाभर पाण्यात पोटावर पडला होता. माणसाहून लांब, राखाडी, स्वच्छ. सगळे जखम शोधत होते. जखम कुठेच नव्हती. एक मुलगी खाली वाकून विचारत होती, "याचा कल्ला कुठेय?"

आमच्यातला एकजण म्हणाला, "ताई, त्याला कल्ला नसतो. त्याचं नाक डोक्यावर. तुमच्यासारखीच हवा घेतो तो."

तेवढ्यात त्याने श्वास सोडला. फुस् करून हवा सुटली आणि मग आत ओढताना खरखर झाली, रेतीवरून भरलेली पाटी ओढल्यासारखी. मी मागे वळून बघितलं. मला वाटलं, माझा मुलगा येऊन मागे उभा राहिला. मागे कोणी नव्हतं. तो तिकडे होडीजवळ दोर सोडवत होता.

मुलाचं सांगते. चाळिशी उलटलेला, स्वतःची लहान होडी आहे, मशीन बसवलेली. पावसाळ्यात त्याला खोकला लागला. पावसाळा गेला, खोकला राहिला. आडवा पडला की दम कोंडायचा, म्हणून भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या झोपायचा. सुनेने ओव्याची धुरी दिली, मी चिंबोऱ्यांचा कढ करून पाजला. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचा, "मशीनचा धूर बसलाय आये. चार फेऱ्या पान्यात झाल्या की सुटेल छाती." आमच्याकडे सगळे हेच म्हणतात. जमिनीवर आजारी पडलेला माणूस पाण्यात बरा होतो. माझा नवराही हेच म्हणायचा, आणि तो तापाने गेला, घरात, खाटेवर. तरी गावाचं म्हणणं बदललं नाही.

डॉल्फिनचाही नियम असाच. जिवंत काही किनाऱ्याला लागलं तर कुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि खोल पाण्यात नेऊन सोडायचं. समुद्राचं समुद्राला. जमलेल्यांत म्हातारी मीच, म्हणून कुंकू मी लावलं. कातडी गार असेल वाटलं होतं, ती कोमट होती. मुलाने शेपटीला दोर बांधला, बाकीच्यांनी ढकललं, होडीने ओढलं. शेपटीकडून, उलटा. दोर सैल झाला की तो वळायचा आणि तोंड किनाऱ्याकडे करायचा. पुन्हा ओढलं, पुन्हा वळला. "वाट चुकलाय बिचारा," बायका म्हणाल्या. शेवटी होडी लांब गेली आणि मुंबईच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

मुलगा परत आला तो होडीतून उतरून तिथेच कड धरून उभा राहिला. "सोडला आये," म्हणाला, थांबला, आणि मग म्हणाला, "गेला." एवढंसं बोलायला त्याला मध्ये थांबावं लागलं. त्याच्या ओठांचा रंग मला आवडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉल्फिन त्याच जागी होता. कुंकू धुऊन गेलं होतं. श्वास नव्हता.

वनखात्याची माणसं आली, त्यांच्याबरोबर जनावरांची डॉक्टर. पोरगीच, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली. ताडपत्रीचा आडोसा करून तिथे रेतीतच त्याला फाडायचं ठरलं. मला म्हणाली, "आजी, एक बादली मिळेल का पाण्याची?"

"मिळेल. पण धुऊन परत दे. मी त्यात कोळंबी ठेवते."

"देईन की."

दिलेली बादली परत येत नाही हा माझा अनुभव, म्हणून मी तिथेच बसून राहिले. मुलगाही आला, ताडपत्रीच्या बांबूला टेकून उभा राहिला.

जन्मभर मासे कापले, पण हे आतून माशासारखं नव्हतं. बकऱ्यासारखं होतं. खरं सांगायचं तर आपल्यासारखं. डॉक्टरने फुप्फुस बाहेर काढलं. काळपट लाल, जड, काळजाच्या तुकड्यासारखं घट्ट. "चांगलं फुप्फुस स्पंजासारखं असतं, पाण्यावर तरंगतं," ती बरोबरच्या माणसाला सांगत होती. तिने त्याचा एक तुकडा कापून माझ्या बादलीत टाकला. तो सरळ तळाला गेला. दुसरीकडचा कापून टाकला. तोही गेला. मग तिने फुप्फुसाजवळच्या गाठी बोटांनी चाचपल्या, एकदा आणि पुन्हा एकदा.

मी विचारलं, "काय झालंय याला?"

"तपासायला पाठवल्यावर नक्की कळेल आजी. पण फुप्फुस आणि या गाठी, दोन्ही बिघडलेत. आणि हे आजचं नाही. कित्येक महिने चाललं असेल."

"मग बाहेरून कसं नाही दिसलं?"

"हे बाहेरून दिसत नाही."

"आणि वाट कशी चुकला?"

"वाट नाही चुकला." तिने बाहीने कपाळ पुसलं. "त्याला हवा घ्यायला सारखं वर यावं लागतं. अंगात ताकद उरली नाही की बुडायची भीती. म्हणून उथळ पाण्यात येतात. टेकायला." मग तिने शेपटीवरचा वळ बघितला. "दोर कोणी बांधला होता?"

मुलगा म्हणाला, "मी."

"पुढच्या वेळी ओढू नका. आम्हाला फोन करा."

तो काहीतरी बोलायला गेला आणि त्याला खोकला आला. लांबलचक. डॉक्टरने सुरी खाली ठेवली आणि खोकला संपेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली.

"किती दिवस आहे हा?"

"मशीनचा धूर आहे, मॅडम."

"मी जनावरांची डॉक्टर आहे," ती म्हणाली. "तुम्ही माणसांच्या डॉक्टरकडे जा. आजच जा."

बादली तिने गाडीत घातली. त्यात तुकडे होते, मी मागितली नाही.

मुलगा काही त्या दिवशी गेला नाही. घरी येऊन जेवायला बसला. मी त्याच्यासमोर बसले आणि हनुवटी धरून त्याची मान वर केली. गिऱ्हाईक कल्ला उघडून बघतं तशी.

"काय गो आये, ताजा आहे ना? काय भाव लावतेस?"

सून हसली. "आई, वासावरून तरी शिळाच वाटतो."

मी बोट फिरवत खाली आणलं. गळ्याच्या हाडाच्या वर, डाव्या बाजूला, सुपारीएवढी गाठ लागली. दाबली तर हलली नाही. "दुखते का?" विचारलं तर म्हणाला, "नाय." दुखत असती तर मला बरं वाटलं असतं. मी सुनेचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. तिचं हसणं तिथेच थांबलं.

"उद्याची भरतीची फेरी करून येतो," तो म्हणाला. "मग बघू."

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी माणसं होडी ढकलायला जमली. त्याचं जाळं होडीत पडलं होतं. मी गेले आणि होडीच्या पुढ्यात, समुद्राकडे पाठ करून, रेतीत बसले.

"काकी, ऊठ. भरती वाट नाय बघत."

"जाऊ दे तिला."

"अगं, पान्यात गेला की बरा होईल तो."

"परवा एकाला ढकललंत पाण्यात. बरा झाला?"

मुलगा दात खाऊन म्हणाला, "आये, ऊठ तिथून. लोक हसतात."

"हसू दे."

मला वाटलं आता शिव्या देईल, मला उचलून बाजूला ठेवेल. एकदा ठेवलीही होती, पंधरा-सोळा वर्षांचा असताना. मी हातपाय घट्ट करून तयार बसले होते. पण त्याने दोर हातातून सोडला, होडीच्या लाकडाला पाठ लावली आणि हळूहळू खाली घसरत रेतीत बसला.

"बरं," म्हणाला. "जरा टेकतो."

भांडला असता तर मी इतकी घाबरले नसते. माझा मुलगा भांडल्याशिवाय हरला आहे असं मी आधी कधी बघितलं नव्हतं. जमलेली माणसं एकेक करून निघून गेली. भरती आली, होडीला लागली, परत गेली.

त्याच दुपारी रिक्षा करून माणिकपूरला दवाखान्यात गेलो. छातीचा फोटो काढला. डॉक्टर फोटोकडे बराच वेळ बघत बसला आणि मग आमच्याशी कमी, फोनवर जास्त बोलला. मी स्पष्ट विचारलं, "डॉल्फिनचं लागलं का याला?" तो आधी चक्रावला. सुनेने सगळं सांगितल्यावर म्हणाला, "नाही आजी, खोकला त्याच्या कितीतरी आधीचा आहे. त्याचा याच्याशी संबंध नाही." मग गाठीतला तुकडा काढला आणि मुंबईला पाठवला. उत्तर यायला वेळ लागतो म्हणाले.

मधल्या काळात ती जनावरांची डॉक्टर बादली घेऊन आली. घासूनपुसून. मी कबूल करते, मला वाटलं नव्हतं येईल. डॉल्फिनचं उत्तर तिला मिळालं होतं. फुप्फुसात आणि गाठींत रक्ताच्या बारीक नळ्या वाढत गेल्या होत्या, कारण नसताना, नको तिथे, हवेची जागा खात. फार क्वचित दिसतं म्हणाली.

"कशाने होतं?"

"माहीत नाही, आजी."

"औषध?"

"नाही," ती म्हणाली. मग हळू आवाजात विचारलं, "त्यांचं काय?"

"त्याचं उत्तर यायचंय."

ती चहा न घेता गेली. बादली मी पडवीत पालथी घालून ठेवली आहे. कोळंबी दुसऱ्या भांड्यात ठेवते.

मुलगा दिवसभर वलांडीच्या खांबाला टेकून बसतो, समुद्राकडे तोंड करून. त्याचा श्वास मला बोंबील टाकताना ऐकू येतो, आणि ऐकू आला नाही की माझा हात थांबतो. किनाऱ्यावरून जाणारे अजून हाका मारतात, "अरे, बसलायस काय, चल पान्यात, सुटेल छाती!" कधीकधी त्यातला एखादा त्याला हाताला धरून उठवायला येतो.

मी बोंबील चिरायची सुरी घेऊन मध्ये उभी राहते. सांगते, टेकलाय तो. हात लावू नका.