ज्याने विचारलं त्याने उठायचं नाही

आज जपाला बसले, पण मणी पुढे सरकेना. म्हणून वही उघडली. शेजारच्या शिवणवाल्या ताईंचंच लिहिते.

ताईंचं आयुष्य मशीनवर गेलं. नवरा वारला तेव्हा मुलगी पाच वर्षांची होती. अंगाने बारीक, म्हणून सगळे तिला सुई म्हणायचे. सुईला परदेशात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायच्या कामावर जायचं होतं. त्यासाठी जर्मन शिकत होती. एकटीला पाठ होईना, म्हणून आईलाच सोबतीला धरलं. घरभर जर्मन नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. कपाटावर, दारावर, कापड बेतायच्या मोठ्या टेबलावरसुद्धा. मग खेळ सुरू. सुई कात्री लपवायची आणि ताई मशीनच्या स्टुलावर बसून विचारायच्या, "वो इस्ट दी शेरे?" म्हणजे कात्री कुठे आहे? उत्तरही जर्मनमध्येच. नियम एकच, ज्याने विचारलं त्याने उत्तर कळेपर्यंत जागचं उठायचं नाही.

"उंटर डेम श्टूल," सुई म्हणायची.

"उंट कशाला आणलास मध्येच?"

"खुर्चीखाली, आई."

"खुर्चीला श्टूल? मग स्टुलाला काय म्हणतात तिकडे, पलंग?"

मी तिथेच ताईंच्या कपड्यांना काजं करायला बसलेली असायचे. हसण्याच्या नादात टाका चुकायचा.

"मावशी, तुम्ही पण शिका की."

"माझ्या देवाला आपलीच भाषा कळते गं बाई," मी म्हणायचे. पण कानावर पडून पडून मलाही यायला लागलं. टेबलावर, दारामागे, डब्यात, खुर्चीखाली.

सुई गेली. रोज सकाळी तिचा फोन यायचा. मग दोन दिवस आलाच नाही. तिसऱ्या दिवशी ताईंनी भिंतीवर लिहून ठेवलेला तिच्या कामाचा नंबर लावला. ताई मशीनच्या स्टुलावर बसलेल्या, मी समोरच होते. पलीकडे कोणी बाई होती. ताईंनी मुलीचं पूर्ण नाव सांगितलं आणि शाळेत उभं राहून सांगावं तसं विचारलं, "वो इस्ट माइने टोख्टर?" माझी मुलगी कुठे आहे?

ती बाई खूप वेळ बोलली. हळू, समजुतीने. ताई एकेक शब्द चाळत होत्या. टेबल आलं नाही, दार आलं नाही, डबा आला नाही.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

त्यांनी हाताने गप्प केलं. "थांबा वहिनी, सांगतेय ना ती."

फोन बंद झाला तरी त्यांनी कानाचा काढला नाही. "तिने नीट सांगितलं हो," म्हणाल्या. "मलाच येत नाही. मी आमच्या घरातल्याच जागा शिकले."

तासाभराने त्यांचा भाऊ बातमी घेऊन आला. सायकलवरून कामावर जाताना गाडीने उडवलं होतं. सुई जागीच गेली. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आहे कुठे ती?" ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

नऊ दिवस ताई त्या स्टुलावर. नाइलाजापुरत्या उठायच्या, परत येऊन तिथेच. झोप आली तर मशीनवर डोकं टेकायच्या.

"अक्का, ऊठ आता. पाठ धरेल तुझी," भाऊ म्हणायचा.

"उत्तर येऊ दे."

आज सकाळी सुईला घेऊन पेटी आली. चौघांनी आत आणली, पण त्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. पुढच्याने विचारलं, "बाई, कुठे ठेवू?"

ताई म्हणाल्या, "आउफ डेम टिश."

माणसं माझ्याकडे बघायला लागली.

"टेबलावर," मी म्हटलं. "टेबलावर ठेवा."

कापड, टेप, कात्री, जे हाताला येईल ते मी भराभर उचललं. पेटी टेकली, तेव्हा ताई स्टुलावरून उठल्या.

घरी आले तर कात्री माझ्याच हातात. काही सुचेना, देवापाशी ठेवली. उद्या ताई विचारतील कुठे आहे म्हणून. टेबलावर, दारामागे, डब्यात, खुर्चीखाली, सगळं येतं मला. देवापाशी याला तिकडे काय म्हणतात, ते सुईने शिकवलं नाही.